आक्काचा हिरवा

५ नोव्हेंबर

प्रिय ठमे,

तुझं कार्ड मिळालं. इतक्या वर्षांनी तुझं अक्षर दिसलं, म्हणून वाचायच्या आधी नुसतंच बघत बसलो. मग वाचलं. एकच ओळ. “दादा, आक्काच्या तोंडाला पावडर कुणी फासली?”

मी फासली. व्यवस्थापकाने तुला पाठवलेलं पोस्टर बघून दुसऱ्या कुणाला बोल लावू नकोस. सभागृहाच्या व्यवस्थापकाने तुझ्या प्रदर्शनाच्या पोस्टरचं काम आमच्या छापखान्यात आणलं आणि ते माझ्याच हाताने मशीनवर चढलं. खाली तुझं नाव होतं. नसतं तरी मला कळलं असतं. आपली आक्का मी ओळखणार नाही का?

पण ती हिरवी निघत होती. पहिले काही कागद बाहेर आले आणि मला वाटलं, रंग बिघडला. आमच्याकडे असं होतं. निळी शाई जास्त सुटली की फोटोतला चांगला धडधाकट माणूस विष प्यायल्यासारखा दिसायला लागतो. मग काय करायचं ते हाताला पाठ असतं. निळ्याचा स्क्रू आवळायचा, लालचा सैल सोडायचा. मी तेच केलं. चेहरा माणसात आला. माझ्याबरोबर मशीनवर एक जण असतो, त्याला आम्ही बोका म्हणतो, मिशा तशाच आहेत. तो म्हणाला, “आता कशी सुधारली बाई!”

मशीनला चेहरा वगैरे कळत नाही, ठमे. शाई कमी-जास्त होते ती कागदाच्या उभ्या पट्ट्यात, वरपासून खालपर्यंत. आक्काच्या डोक्यावर तू ते मोठं काळंनिळं दार काढलं आहेस ना, तेही त्याच पट्ट्यात आलं. निळा आवळला तसं दार विरलं आणि तिथे गुलाबी उजेड पडला. ते मला तेव्हाच दिसलं होतं. दिसलं आणि बरं वाटलं, असं लिहिलं तर तू रागावशील.

पोस्टरं बदलून देतो. प्रदर्शनाला अजून अवकाश आहे. पण एक विचारू? हिरवाच का? वाद घालायला विचारत नाही. मला खरंच कळून घ्यायचं आहे.

आणि दुसरं. प्रदर्शनाला येशील तेव्हा उतरणार कुठे? व्यवस्थापक सांगत होता, तू लॉजमध्ये खोली धरली आहेस. आपलं घर सभागृहापासून हाकेच्या अंतरावर. आईला मी अजून काही बोललो नाही. तू आक्काला रंगवायला घेतलंस तेव्हा ती काय म्हणाली होती ते तू विसरली नसशीलच. “माझ्या लेकीचं भूत करणारीने या घरात पाय ठेवायचा नाही.” आणि तू म्हणालीस, “मग भूत आणि मी, दोघी निघतो.” निघालीस ती निघालीसच. हट्टाच्या बाबतीत तुम्हा मायलेकींत डावं-उजवं करता येत नाही.

तू घरी यावंस, आईच्या समोर बसून जेवावंस, एवढंच मला हवं आहे. फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र.

तुझा दादा


९ नोव्हेंबर

प्रिय ठमे,

तू हसशील की चिडशील मला माहीत नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

काल व्यवस्थापक छापखान्यात आला तो हातवारे करतच. “अहो, लोक माझ्याकडे गाण्याची तिकिटं मागतायत!”

“कसलं गाणं?”

“ती पोस्टरवरची बाई गाते ना! सकाळपासून रीघ लागलीय. एक आजोबा तर विचारत होते, बाई पहाटे गाणार की संध्याकाळी? म्हटलं, आजोबा, हे चित्रांचं प्रदर्शन आहे, खाली लिहिलंय बघा, ‘बाहेरून कडी’. तर म्हणाले, हो हो, जुन्या नाटकातलं पद असेल.”

बोका पोट धरून हसला. मलाही हसू आलं आणि मग येईना.

दुपारी बोका आणि मी चौकात गेलो. बसथांब्याच्या भिंतीवर तीच गुलाबी पोस्टरं अजून ओळीने लावलेली होती. मी रस्त्याच्या पलीकडे उभा राहून पाहिलं. ठमे, आक्का गात होती. डोळे घट्ट मिटलेले, तोंड सगळं उघडं, हात कानांशी, मागे पहाट फुटलेली. मी काय केलं होतं? तुझी एक रेघ हलवली नव्हती. तोंड मिटलं नव्हतं, हात खाली आणले नव्हते. नुसता रंग बदलला आणि ओरडणाऱ्या बाईची गाणारी बाई झाली. तीस वर्षं रंग ओढतोय मी कागदावर. असं होतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

बोका म्हणाला, “पण दादा, गात नाही तर करते काय ती?”

तो आपल्या छापखान्यात नंतर आलेला, त्याला काही ठाऊक नव्हतं. मी तिथेच उभ्या उभ्या सांगितलं. माझी मोठी बहीण आहे. शिलाई कारखान्याच्या इस्त्रीखान्यात होती. बायका मधेच उठून बाहेर जाऊ नयेत म्हणून कामाची पाळी सुरू झाली की दाराला बाहेरून कडी घालायचे. एक दिवस आत वायर पेटली, कापडाचा धूर झाला, कडी काढायला बाहेर कुणी नव्हतं. चौकशी झाली. दुर्दैवी अपघात असं ठरलं. अहवाल वाचला मी, त्यात धूर आहे, वायर आहे, कापड आहे, कडी हा शब्दच नाही. कारखाना आजही चालू आहे, नुसती पाटी बदलली.

बोक्याने मिशी चावली. मग म्हणाला, “मी ‘सुधारली’ म्हणालो हो.” समोरच्या दुकानातून शिडी मागून आणली आणि एकेक पोस्टर त्यानेच ओलं करून, फाटू न देता खाली उतरवलं. मला हात लावू दिला नाही.

बाकीची सगळी परत मागवली आहेत.

दादा


१५ नोव्हेंबर

प्रिय ठमे,

कार्ड मिळालं. या वेळी दोन ओळी होत्या, म्हणजे बढती झाली म्हणायची. “हिरवा आक्काचा नाही, माझा आहे. आणि तू सांग, कॅलेंडरवरच्या देवामागे ते पिवळं ताट कुणी ठेवलं?”

पहिली ओळ मला कळली नाही. दुसरीने मात्र पार आडवा केलास.

सध्या आमच्याकडे कॅलेंडरांचाच हंगाम आहे. दिवसभर देव छापतो. मशीन सुरू करायच्या आधी मी रोज हात जोडतो, तसे आजही जोडले आणि पहिला कागद बाहेर आला तर माझी नजर थेट त्या पिवळ्या वर्तुळावर. इतकी वर्षं छापतोय, एकदाही मनात आलं नाही की कुठल्या जिवंत माणसाच्या डोक्यामागे असलं काही असतं? पिवळा जरा फिका आला तर मीच मशीन थांबवतो. देवाचं तेज कमी पडलं, असं म्हणतो. रंग बिघडला असं नाही म्हणत! म्हणजे तिथे तो रंग देवाच्या अंगाचा नाही, बघणाऱ्याच्या मनाचा आहे, हे माझ्या हाताला ठाऊक होतं. आक्काच्या वेळी हात विसरला.

आपल्या गावच्या शाळेत गुरुजी सांगायचे, आकाश निळं, झाड हिरवं, माणूस बदामी. माझ्या पेटीतली बदामी कांडी सगळ्यांत आधी संपायची. तू तेव्हाही ऐकायची नाहीस. तुझा एक जांभळा बैल मला आठवतो. गुरुजींनी विचारलं, “असा बैल असतो का गं?” तू म्हणालीस, “रागावलेला असतो.” सगळा वर्ग हसला. मीही हसलो होतो.

काल जेवणाच्या सुट्टीत मी एक उद्योग केला. चित्र छापताना चार रंगांच्या चार वेगळ्या प्लेटा असतात. पिवळी, लाल, निळी, काळी. एकावर एक बसल्या की चित्र होतं. मी तुझ्या पोस्टरची प्रत्येक प्लेट वेगळ्या कागदावर उतरवली आणि चारी कागद दोरीवर चिमटे लावून टांगले. पिवळ्यात आक्का अशक्त दिसते, नुकती तापातून उठलेली. काळ्यात ती जवळजवळ नाहीच, दार तेवढं आहे. निळ्यात ती पाण्याखाली आहे. आणि लाल! लालमध्ये तिच्या चेहऱ्याच्या जागी राखेएवढे बारीक ठिपके, बाकी कोरा कागद. तू तिच्यातलं रक्त काढून घेतलं होतंस, ठमे. मी माझ्या पदरचं ओतलं.

मालक येऊन बघून गेले. “हे काय वाळत घातलंय? कागद काय झाडाला लागतो?”

“लागतो की, मालक,” बोका म्हणाला.

तर आता तुझ्या पहिल्या ओळीचं सांग. हिरवा तुझा म्हणजे काय?

दादा

ता. क. तुझी वहिनी म्हणते, ठमीला लिहा, लॉजवर उशा दगडासारख्या असतात. आईला अजून बोललो नाही. धीर होत नाही.


२१ नोव्हेंबर

प्रिय ठमे,

तुझं उत्तर यायच्या आधीच मी चित्र पाहून आलो. तुझ्या पेट्या सभागृहात पोचल्या. व्यवस्थापकाने निरोप दिला, या, उघडतोय, तुमच्या डोळ्यांनीच बघा रंग कोणता ते, नंतर मला तिकिटं विकायला लावू नका.

चित्र एवढं मोठं असेल असं मला वाटलं नव्हतं. आक्काचं तोंडच माझ्या छातीएवढं. भिंतीला टेकवून ठेवलं होतं. तिथला झाडलोट करणारा माणूस माझ्याशेजारी येऊन उभा राहिला आणि म्हणाला, “हिला काय होतंय हो?” बघ. गाणं वगैरे त्याच्या डोक्यातही आलं नाही.

मी आधी अगदी जवळ गेलो. जवळून आक्का नव्हतीच. नुसता रंग होता, थापलेला, सुरीने ओढलेला, कुठे बोटाने खरवडलेला. हिरव्याच्या खाली दुसरा हिरवा, त्याच्याखाली एक मळकट पांढरा. मागे सरकत गेलो आणि एका जागी ती एकदम समोर आली. पुन्हा पुढे गेलो, पुन्हा नाही. असा मी मागेपुढे करत राहिलो. झाडलोटवाल्याला वाटलं असेल, याचं काही हरवलंय.

हात का एवढे केलेस? फावड्यासारखे? दार माणसांपेक्षा मोठं का? बाकीच्या बायकांना चेहरे का नाहीत? हे सगळं विचारायचं ठरवलं होतं. मग त्या हातांकडे बघता बघता माझं मलाच कळलं, की दार ठोकायचं असेल तर हात एवढेच वाटत असतील. हे बरोबर की चूक तू सांग.

एक गोष्ट मात्र विचारतो, कारण ती मला तिथून निघाल्यापासून सोडत नाही. तू हा चेहरा पाहिला नव्हतास. मीही नाही. आपल्याला आक्का दाखवली तेव्हा ती स्वच्छ होती. डोळे मिटलेले, केस विंचरलेले, काजळीचा ठिपका नाही. जो तो म्हणत होता, झोपल्यासारखी दिसते. आईही त्याच शब्दाला धरून राहिली, आजही आहे. तिचा चेहरा आपल्यापर्यंत यायच्या आधी कुणी धुतला, हे आपल्याला कधी कळलं नाही. त्या अहवालासारखाच तो चेहरा होता. सगळं होतं, कडी नव्हती.

ठमे, मी तिचा चेहरा दुसऱ्यांदा धुतला.

पहिल्या पत्रात लिहायचं टाळलं ते लिहून टाकतो. रंग बिघडला असं मला वाटलं, हे अर्धंच खरं आहे. तू फाईलसोबत रंगाचा नमुना पाठवला होतास. तो हिरवाच होता. मशीन चालू असेपर्यंत मी तो उलटा घालून ठेवला. मला आक्का थोडा वेळ बरी झालेली बघायची होती.

देवळात जातो तेव्हा मी तिच्यासाठी रोज एकच मागणं मागायचो, तिला शांती दे. काल मागताना अडखळलो. शांत झालेल्या माणसाचं पुढे कुणी ऐकतं का? मग काय मागायचं ते न सुचून तसाच हात जोडून उभा राहिलो.

दादा


२५ नोव्हेंबर

प्रिय ठमे,

नवी पोस्टरं छापून झाली. तुझा नमुना मशीनच्या वर, डोळ्यांसमोर लावून ठेवला होता, सरळ. बोक्याने हिरवा इतक्या वेळा ताडून पाहिला की मालक म्हणाले, “देवाला कधी एवढं जपत नाही तुम्ही.” कालच चौकात लागली. आता तिकीट कुणी मागत नाही. लोक थांबतात, काही जण तोंड फिरवतात, पण खालचं नाव वाचतात. शिलाई कारखान्याच्या दोन बायका पाळी सुटल्यावर बराच वेळ तिथे उभ्या होत्या असं बोका सांगत होता. त्या काय बोलल्या ते त्याला ऐकू आलं नाही.

तुझं कार्डही कालच आलं. “ती बातमी आली तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे जे पसरलं त्याचा हिरवा.” कळलं. एवढं मला आता पुरतं कळलं.

पण हे पत्र त्यासाठी नाही. आज जे झालं ते होतं तसं लिहितो.

जुन्या, माझ्या चुकीच्या पोस्टरांची रद्दी घरी आली होती. तुझ्या वहिनीने त्यातलं एक स्वयंपाकघराच्या फळीवर अंथरलं, छापलेली बाजू वर. आई आठवडाभर त्यावरून डबे काढत-ठेवत होती. एकदा तिने विचारलंही होतं, “ही गाणारी कोण गं? चेहरा सोज्वळ आहे.” वहिनीला वाटलं, आई मुद्दाम बोलतेय, म्हणून ती गप्प बसली. पण आई मुद्दाम नव्हती बोलत. तिने ओळखलंच नव्हतं.

नवं पोस्टर मी गुंडाळून कपाटामागे ठेवलं होतं. वेळ बघून बोलू, असं रोज म्हणत होतो. आज दुपारी आई तिची काठी शोधायला कपाटामागे वाकली आणि हाताला ते लागलं. मी जेवायला घरी आलो तर ती खिडकीपाशी खाली बसलेली, कागद मांडीवर उलगडलेला, चारी टोकांवर चार वाट्या ठेवून सपाट केलेला. वहिनी दारात उभी. मला डोळ्यांनी खुणावत होती, बोलू नका.

मी चप्पलही न काढता उभा राहिलो.

आई वर न बघता म्हणाली, “हे ठमीचं काम.”

“हो.”

“भिंतीवर लागलंय?”

“कालपासून. चौकात.”

“सगळ्यांनी बघितली म्हणजे.”

मी म्हटलं, “हो, आई.” आता ती कागद चुरगळणार म्हणून मी पुढे झालो. तिने माझा हात बाजूला सारला आणि आक्काच्या तोंडावर बोट ठेवलं.

“दात चुकलाय.”

मला ऐकलेलं समजेना. “काय?”

“दात. सगळे कसे सरळ काढलेत, फणीसारखे. आक्काचा वरचा सुळा आत वळलेला होता. हसताना ती ओठ दाबून धरायची, म्हणून तुम्हाला कुणाला दिसला नसेल. रडताना दिसायचा. एवढीशी होती तेव्हा रोज दिसायचा मला.” मग जरा चिडून म्हणाली, “एवढं तोंड उघडलंय पोरीने, आणि हिला दात दिसला नाही?”

वहिनी म्हणाली, “आई, त्या चित्रात असं सगळं तंतोतंत नसतं.”

“हिरवी केली ते मी काही बोलले का? केली असेल तिच्या जिवाला जशी दिसली तशी. पण दात आक्काचा आहे. तो माझ्याकडून गेलाय.”

आणि तिने मान वर केली, खिडकीच्या उजेडात, डोळे घट्ट मिटले आणि आ केला. होईल तेवढा मोठा. एका बोटाने ओठ वर ओढून धरला.

“बघ. हा असा. दिसला?”

ठमे, मी दाताकडे बघायला वाकलो होतो. मला दात दिसेना. मिटलेले डोळे, उघडं तोंड, गालाशी आलेला हात आणि मांडीवर खाली तेच. वहिनीने भिंतीकडे तोंड केलं. मी म्हटलं, “आई, मीट आता.”

तिने तोंड मिटलं नाही. तसंच, उघड्या तोंडाने बोबडं बोलली, “नीट बघितलास का आधी?”

मी खोटंच हो म्हटलं. तिने ते ओळखलं. “तुला नाही जमायचं. तिला लिही. म्हणावं, असल्या गोष्टी ऐकून काढता येत नाहीत. येऊन बघायला सांग. आणि तो मोठा कागद का काय असतो तो, ते चित्र, रंग वाळून घट्ट झाला असेल तरी खरवडून दुरुस्त करता येतो का विचार.”

“म्हणजे ती घरी येऊ दे?”

“मग दात काय चौकात दाखवू?”

पत्रासोबत तो दात कागदावर काढून पाठवायचा मी दोनदा प्रयत्न केला. कुठल्या बाजूला किती वळला आहे ते मला सांगता येत नाही. उजेड आपल्या खिडकीत दुपारी चांगला असतो. तू दुपारच्या गाडीने ये.

दादा